चकमकीची ठासणीची बंदूक: पावसाळ्याआधीची सफाई आणि बार भरण्याचा क्रम, सल्ला हवा

कुळागरकार
गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात शेतराखणीच्या परवान्यावरची बंदूक आहे. टोपीची नव्हे, चकमकीची, म्हणजे गारेच्या ठिणगीने पेटणारी. नळीत रायफलीसारखे चर आहेत, व्यास अर्धा इंच. दोन अडचणी आहेत. खोबरेल लावून ठेवली तरी चवथीपर्यंत नळीत तांबूस गंज चढतो. दुसरी म्हणजे रंजक (बाहेरच्या वाटीतली पेटवणीची दारू) भडकतं, पण आतला बार (नळीत ठासलेली दारू-गोळी) पेटत नाही. सफाई कशी करावी आणि भरताना काय चुकत असेल?

रानवाट
सफाईच्या आधी नळी रिकामी असल्याची खात्री करा. गज (गोळी ठासायची काठी) तळापर्यंत सोडा आणि नळीच्या तोंडाशी त्यावर पेन्सिलीने खूण करा. मग तोच गज नळीला बाहेरून लावा, खूण तोंडाशी जुळवून. गजाचं टोक कानाच्या भोकापर्यंत, म्हणजे रंजकाची आग नळीत शिरते त्या बारीक भोकापर्यंत, पोचलं तर नळी रिकामी. दोन-तीन बोटं अलीकडे राहिलं तर आत बार आहे असंच धरा. तसं असेल तर घोड्यातली (चाप ओढल्यावर पुढे आपटणाऱ्या भागातली) चकमक काढा, नळीचं तोंड मोकळ्या दिशेला ठेवा, कानातून पाणी सोडून दारू भिजवा आणि बंदूक परवानाधारक कारागिराकडे न्या. गोळी स्वतः उपसू नका. भिजलेली दारू सुकली की पुन्हा पेटते, वर्षं किती गेली याला अर्थ नाही.

लोखंडपारखी
गंजाचं कारण तेल कमी पडणं हे नाही. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. ती जळल्यावर नळीत क्षार उरतात आणि ते हवेतला ओलावा ओढतात. आपल्याकडे जुलैत मीठसुद्धा बरणीत पाझरतं, तिथे नळीचं काय होणार! वरून तेल चोपडलं तर क्षार तेलाखाली तसेच राहतात. ते पाण्यातच विरघळतात, म्हणून आधी पाणी आणि मग तेल. आणि हे बार उडवला त्याच दिवशी.

कानाच्या भोकात दात कोरायची काडी घट्ट बसवा. कोमट पाण्यात साबणाचे दोन-चार थेंब टाकून नळी भरा, पाच मिनिटांनी ओता. मग गजाच्या टोकाला दीड-दोन इंचांची सुती चिंधी लावून ओल्यानेच पुसत राहा. पहिल्या चिंध्या काजळीसारख्या काळ्या निघतात आणि त्यांना कुजक्या अंड्याचा वास येतो, तो गंधकाचा. चिंधी पांढरी निघेपर्यंत थांबू नका. नंतर कोरड्या चिंध्या, कानात पितळी तार, आणि शेवटी मशीनच्या पातळ तेलाचा अगदी हलका हात. खोबरेल नको, ते थंडीत गोठतं आणि कालांतराने चिकट होतं.

घोड्याचा संच अर्ध्या चापावर (घोडा अर्धाच मागे ओढून अडकवलेला) ठेवून काढा. स्क्रू थोडे सैल करून त्यांच्या माथ्यांवर हलकं ठोकलं की संच अलगद सुटतो. एका बाजूने उचकटला तर लाकडाची कड तुटते. दुसऱ्या दिवशी नळीत एक कोरडी चिंधी फिरवा. तपकिरी डाग दिसला तर पुन्हा धुवा.

रानवाट
एक भर घालतो. उकळतं पाणी वापरू नका. नळी इतकी तापते की वाळता वाळताच पातळ गंज धरते.

लोखंडपारखी
बरोबर. आणि बंदूक तोंड वर करून उभी ठेवत असाल तर तेल ओघळून तळाशी साचतं. तुमच्या दुसऱ्या अडचणीचं एक कारण तेच असणार.

पथरकला
भरण्याच्या क्रमावर लिहितो. आधी स्पिरिटच्या चिंधीने नळीतलं तेल पूर्ण काढा, कानात तार फिरवा. वाटी रिकामी आणि घोडा अर्ध्या चापावर. दारू थेट शिंगातून (दारू साठवायच्या शिंगाच्या डब्यातून) कधी ओतू नका, नेहमी मापाने घाला: नळीत एखादी ठिणगी उरली असेल तर शिंगच हातात फुटतं. अर्ध्या इंचाच्या सुस्थितीतल्या नळीला साधारण ६० ग्रेन जाड काळी दारू, ०.४९० इंचाची शिशाची गोळी आणि ०.०१५ इंच जाडीचं वंगण लावलेलं कापड असं माप चालतं. जुनी नळी मात्र आधी कारागिराला दाखवा, आतले खड्डे बाहेरून दिसत नाहीत. बिनधुराची (आधुनिक काडतुसांतली) दारू चिमूटभरसुद्धा घालू नका.

गज तोंडापासून वीतभरच वर धरा आणि छोट्या छोट्या दाबांनी गोळी खाली न्या. लांब धरला तर लाकडी गज मोडून तळहातात घुसतो. गोळी दारूला टेकलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते, फाटतेही. म्हणून भरलेल्या मापाचीही गजावर कायमची खूण ठेवा. रंजक सगळ्यात शेवटी.

आता तुमची अडचण. वाटी काठोकाठ भरता का? एक तृतीयांशच भरा, भोक उघडं ठेवा. भोक रंजकाने बुजलं की ते वातीसारखं सावकाश जळतं किंवा आत पोचतच नाही. ज्वाळा उडून आत शिरायला हवी. दमट हवेत रंजक मधूनमधून बदला.

बार नाही उडाला तर तोंड निशाणाच्या दिशेलाच ठेवून पूर्ण एक मिनिट थांबा. मगच वाटी साफ करून नवं रंजक टाका.

म्हादईपार
परवाना बंदूक बाळगण्याचा आहे. रानडुक्कर मारायची मुभा त्यात येत नाही, त्याला १९७२चा वन्यजीव कायदा लागतो.

कुळागरकार
वाटी काठोकाठच भरत होतो, आणि बंदूक उभी असते कोपऱ्यात, तोंड वर. चकमक कधी बदलावी?

पथरकला
ठिणग्या विरळ आणि तांबूस पडू लागल्या की. आधी धार काढून बघा. नवी बसवताना ती चामड्याच्या तुकड्यात धरा, नाहीतर जबड्यात ढिली पडते. आणि धार वाटीवरच्या पोलादी झाकणाच्या पूर्ण रुंदीला सरळ लागते ना, ते नळी रिकामी असताना घोडा हळूहळू पुढे आणून तपासा.