जेआयटीच्या मागे धावताना रुबीचा खरा अडसर बाजूलाच राहिला का?

कोडकिडा (धागाकर्ता)

२५ डिसेंबर २०२५ ला रुबी या प्रोग्रामिंग भाषेची ४.० आवृत्ती आली आणि तिच्यासोबत झेडजेआयटी हा आणखी एक जेआयटी कंपायलर, म्हणजे प्रोग्राम चालू असतानाच त्याचा मशीन कोड बनवणारा, आला. हा मशीन कोड न बनवता कोड चालवणाऱ्या इंटरप्रिटरपेक्षा वेगवान आहे, वायजेआयटीइतका अजून नाही, प्रॉडक्शनमध्ये टाकायची घाई करू नका, असं प्रकाशनाच्या निवेदनातच लिहिलंय. प्रामाणिकपणा आवडला. पण जरा मागे वळून यादी बघा. २०१८ च्या २.६ मध्ये एमजेआयटी. २०२१ च्या ३.१ मध्ये वायजेआयटी. ३.३ मध्ये एमजेआयटी काढून आरजेआयटी. ४.० मध्ये आरजेआयटीलाही निरोप, आता झेडजेआयटी.

रुबीचा जनक मात्झनं २०१५ मध्ये ‘रुबी थ्री बाय थ्री’ जाहीर केलं: रुबी ३ ही रुबी २ च्या तिप्पट वेगानं धावेल. डिसेंबर २०२० मध्ये ३.० आली आणि ऑप्टकॅरट या बेंचमार्कवर (वेग मोजायच्या चाचणीवर) ती तिप्पट वेगानं धावलीही. ऑप्टकॅरट म्हणजे जुन्या निन्टेन्डो कन्सोलचा रुबीत लिहिलेला एम्युलेटर. आपल्यापैकी कितीजण पोटापाण्यासाठी एम्युलेटर लिहितात? रुबीतल्या वेब फ्रेमवर्कच्या, म्हणजे रेल्ससारख्या कामाला हा जेआयटी अजून तयार नाही, असं तेव्हाही निवेदनात होतंच.

माझं म्हणणं असं. बहुतेक रुबी कोड वेब सर्व्हरवर चालतो आणि वेब ॲप बराच वेळ डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत असतं. रुबी ज्या वेळात काहीच करत नाही, तो वेळ कोणता कंपायलर कमी करणार? खरे अडसर दोन आहेत, मेमरी आणि जीव्हीएल, म्हणजे रुबीच्या व्हर्च्युअल मशीनचं एकमेव कुलूप. एका प्रोसेसमध्ये एका वेळी एकच थ्रेड (कामाचा एक धागा) रुबी कोड चालवतो, म्हणून आठ कोअर वापरायला आठ प्रोसेस लागतात आणि मेमरीही त्या पटीत फुगते. यावर उतारा म्हणून आणलेला, एकाच प्रोसेसमध्ये रुबी कोड समांतर चालवू देणारा रॅक्टर ३.० पासून ‘प्रायोगिक’ आहे तो ४.० मध्येही प्रायोगिकच. एवढी हुशार माणसं जेआयटीऐवजी तिकडे लागली असती तर?

अर्धविराम

सपशेल असहमत. सगळे जेआयटी एकाच माळेत ओवून तुम्ही वाद सोपा करून घेतलाय.

एमजेआयटी मेथडचं सी भाषेतल्या कोडमध्ये रूपांतर करायचा, ती फाइल जीसीसी किंवा क्लँग या सी कंपायलरकडे द्यायचा आणि तयार झालेली लायब्ररी लोड करायचा. मोजक्या मेथड लाखो वेळा चालतात तिथे हे खपतं, म्हणूनच एम्युलेटर पळाला. रेल्समध्ये हजारो छोट्या मेथड असतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला थोडा थोडा वेळ येतो. तिथे हा व्याप परवडत नाही.

वायजेआयटी मुळातच वेगळा आहे. तो आख्खी मेथड एकदम कंपाइल करत नाही. कोडचा एक तुकडा पहिल्यांदा चालायला आला, की त्या क्षणी हातात कोणत्या प्रकारच्या वस्तू आहेत ते बघतो आणि तेवढ्याच तुकड्याचा मशीन कोड काढतो. जी वाट कधी चाललीच नाही तिच्यावर वेळही जात नाही आणि मेमरीही. पहिल्याच आवृत्तीत रेल्सच्या बेंचमार्कवर साधारण २० टक्के फरक पडला होता. ३.२ मध्ये तो सीमधून रस्टमध्ये नव्यानं लिहिला गेला आणि त्याच आवृत्तीत प्रॉडक्शनसाठी तयार म्हणून जाहीर झाला. रेल्स ७.२ तर रुबी ३.३ किंवा पुढची असेल तर तो आपोआप सुरू करतं. एकही ओळ न बदलता मिळालेल्या वेगाला दिशाभूल म्हणायचं असेल तर अशी दिशाभूल दरवर्षी व्हावी.

आणि मेमरीकडे दुर्लक्ष झालं हे कुठून काढलंत? २.१ मध्ये पिढीनिहाय जीसी (नको असलेली मेमरी मोकळी करणारी यंत्रणा), २.२ मध्ये टप्प्याटप्प्यानं चालणारा जीसी, २.७ मध्ये कॉम्पॅक्शन (विखुरलेली मेमरी एकत्र आणणं). ३.२ पासून ऑब्जेक्टला ४० बाइटचाच खण हे बंधन गेलं, ४० पासून ६४० पर्यंत वेगवेगळ्या मापांचे खण आले, त्यामुळे लहान स्ट्रिंग आणि ॲरे वेगळी मेमरी न मागता खणातच मावतात. ३.४ मध्ये तर जीसीच बदलता येईल अशी सोय झाली. ही कामं जेआयटीच्या बरोबरीनं चालूच होती.

जुनी वही

ज्याला वेग हवा त्यानं रुबी घेऊच नये. ट्विटरनं आपला पडद्यामागचा बराच भाग रेल्सवरून स्काला या दुसऱ्या भाषेकडे नेला त्याला दीड दशक होऊन गेलं. ज्याचं काम त्यानंच करावं. रुबी वाचायला सुंदर आहे, तेवढं पुरे.

खटपट्या

जुनी वही, तो निर्णय घेतला गेला तेव्हा पिढीनिहाय जीसी नव्हता, जेआयटी तर दूरच. त्या रुबीवरून आजच्या रुबीचा निवाडा कसा करणार?

माझा मुख्य मुद्दा कोडकिडांच्या ‘डेटाबेसची वाट’ या वाक्याबद्दल आहे. ते इतक्या ठिकाणी इतक्या खात्रीनं ऐकू येतं की तपासायचं कुणाला सुचत नाही. देखरेखीच्या डॅशबोर्डवर क्वेरीला ४० मिलिसेकंद लागले असं दिसतं. हा आकडा येतो कुठून? क्वेरी पाठवण्याआधी घड्याळ बघितलं, उत्तर हातात आल्यावर पुन्हा बघितलं, वजाबाकी केली. आता मधे काय घडलं ते बघा. क्वेरी पाठवताना थ्रेडनं जीव्हीएल सोडला. डेटाबेसनं समजा ५ मिलिसेकंदांत उत्तर दिलं. पण तोवर त्याच प्रोसेसमधला दुसरा थ्रेड एखादं मोठं जेसन (पाठवायच्या डेटाचा मजकूर) बनवत जीव्हीएल धरून बसला. रुबीत एका थ्रेडचा हप्ता १०० मिलिसेकंदांचा असतो. त्यानं स्वतःहून सोडला नाही तर आपला थ्रेड उत्तर दारात येऊनही ताटकळतो. उरलेले ३५ मिलिसेकंद रुबीनं खाल्ले आणि खापर फुटलं डेटाबेसच्या डोक्यावर.

म्हणूनच वायजेआयटी सुरू केल्यावर काही ठिकाणी चक्क ‘डेटाबेसचा वेळ’ कमी झालेला दिसतो. क्वेरी तीच, इंडेक्स तेच. शेजारच्या थ्रेडचं काम लवकर आटोपतं, एवढंच. रेल्स ७.२ नं पुमा या वेब सर्व्हरचे मूळ थ्रेड ५ वरून ३ वर आणले, त्यामागेही थ्रेड वाढवले की रांग वाढते हाच हिशोब होता.

तेव्हा कोडकिडा, जीव्हीएल हा अडसर आहे हे तुमचं म्हणणं मान्य. पण त्यातूनच जेआयटीची गरज सिद्ध होते. कुलूप एकच असेल तर ते जितका कमी वेळ लागेल तितकं बरं.

कोडकिडा

रांगेचा मुद्दा चांगला मांडलात आणि तो मी खोडणार नाही. पण तो दुखण्यावरचा लेप आहे. जीव्हीएल राहणारच असं धरून तुम्ही पुढचा विचार करताय.

आणि तो लेप फुकट मिळत नाही. ३.४ मध्ये वायजेआयटीची मेमरी मर्यादा प्रोसेसमागे १२८ मेबिबाइट आहे. ही कमाल मर्यादा आहे, प्रत्यक्षात कमी लागते, ठीक. पण पुमा मुख्य प्रोसेसमधून वर्कर फोर्क करतो (तिच्या प्रती काढतो) तेव्हा बहुतेक कोड कंपाइल झालेलाच नसतो. मग प्रत्येक वर्कर तोच कोड आपापला कंपाइल करतो आणि आपापल्या मेमरीत ठेवतो. वाटून घेणं नाहीच. लहान कंटेनरमध्ये हे जाणवतं. मग लोक मेमरी वाटपासाठी जेमॅलॉक ही वेगळी लायब्ररी लावतात, नाहीतर जीलिबसीच्या मॅलॉकचे (नेहमीच्या मेमरी वाटपाचे) अरीना, म्हणजे साठे, दोनवर आणतात, आणि वाचवलेली मेमरी जेआयटीला देतात. हातचं राखून पळत्याच्या पाठी लागलो असतो तर हरकत नव्हती, इथे हातचंच खर्च होतंय.

निवांत नोड

वाद छान चाललाय, पण आमच्यासारख्यांनी काय करायचं? आपलं ॲप खरंच वाट बघतंय की राबतंय, हे कळायला कोणतं साधन वापरू? नुसता वायजेआयटी चालू करून सोडून देऊ का?

खटपट्या

३.३ किंवा पुढची आवृत्ती असेल तर चालू करा, पण आधी आणि नंतर मोजा. सरासरी बघू नका, सर्वांत मंद ५ टक्के विनंत्यांचं काय झालं ते बघा. डिप्लॉयनंतरची पहिली काही मिनिटं वेगळी काढा, कारण तेव्हा कंपायलेशनच चालू असतं. मेथड मूळ सेटिंगमध्ये ३० वेळा चालल्यावर वायजेआयटी तिला हात लावतो.

जीव्हीएलसाठी व्हर्नियर हा प्रोफायलर (वेळ कुठे जातो ते मोजणारं साधन) बघा. कोणता थ्रेड कधी धावत होता आणि कधी जीव्हीएलसाठी थांबला होता हे तो वेगवेगळं दाखवतो. ३.२ मध्ये रुबीत त्यासाठीच्या खुंट्या आल्या म्हणून हे जमतं. जुना स्टॅकप्रॉफ वेळ कुठल्या मेथडमध्ये गेला हे उत्तम सांगतो, ही रांग मात्र त्यात दिसत नाही. चालू प्रोसेसला कोडमध्ये काहीही न घालता बाहेरून बघायचं असेल तर आरबीस्पाय.

आणि कृपा करून एन प्लस वन क्वेरी (यादीतल्या प्रत्येक नोंदीमागे एक वेगळी क्वेरी) आधी काढा. शंभर अनावश्यक क्वेरींना कोणताही कंपायलर वाचवत नाही. इथे मी पूर्णपणे कोडकिडांच्या बाजूला.

अर्धविराम

एक गोष्ट या चर्चेत राहून गेली आणि माझ्या मते तीच सर्वांत मोठी आहे. जेआयटीमुळे रुबीचं पोट सीमधून रुबीत यायला लागलंय.

आजवर रुबीत काही संथ वाटलं की ते सीमध्ये लिहायचं असा रिवाज होता. जेआयटीला मात्र सीमध्ये लिहिलेली मेथड ही बंद पेटी. आत काय चाललंय ते दिसत नाही, त्यामुळे तिच्यासकट सलग कोड बनवता येत नाही. ब्लॉक (मेथडला दिलेला कोडचा तुकडा) घेणाऱ्या मेथडमध्ये तर दर फेरीला सीमधून रुबीत आणि रुबीतून सीमध्ये येरझाऱ्या. म्हणून ३.३ मध्ये इंटिजरची टाइम्स मेथड रुबीत लिहिली गेली आणि ३.४ मध्ये वायजेआयटी चालू असताना ॲरेच्या प्रत्येक घटकावर फिरणारी ईचसुद्धा. रोज वापरतो ती ईच सीमधून रुबीत आणल्यावर वेगवान होते, हे दहा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो.

२०२३ मध्ये तर शुद्ध रुबीत लिहिलेला ग्राफक्यूएल या क्वेरी भाषेचा एक पार्सर वायजेआयटीवर सी एक्स्टेंशनच्या (सीत लिहिलेल्या जोडभागाच्या) पुढे गेल्याचं दाखवलं गेलं. सी एक्स्टेंशन कमी म्हणजे इन्स्टॉल करताना कंपायलर शोधणं कमी, मेमरी बिघडून प्रोसेस कोसळणं कमी, आणि कोड वाचू शकणारी माणसं जास्त. ही कमाई टक्क्यांच्या तक्त्यात येत नाही.

जुनी वही

त्या पार्सरच्या तुलनेत एक बाजू हातानं लिहिलेली होती आणि दुसरी व्याकरणावरून साधनानं बनवलेली. हातानं लिहिलेला सीतला पार्सर समोर ठेवा, मग बघू कोण जिंकतं.

अर्धविराम

सी जिंकेल, अर्थात. पण तो लिहिणार कोण आणि सांभाळणार कोण? मुद्दा असा की पूर्वी रुबी त्या शर्यतीत उभीच राहत नव्हती.

आणि झेडजेआयटी कशाला, याचं उत्तरही इथेच आहे. तुकड्यातुकड्यानं कंपाइल करण्यामुळे वायजेआयटी लवकर तयार होतो, पण पूर्ण मेथड एकत्र बघून एक मेथड दुसरीत मुरवणं त्याला जड जातं. झेडजेआयटी मेथडच्या पातळीवर काम करतो आणि एसएसए या पाठ्यपुस्तकी पद्धतीची (प्रत्येक व्हेरिएबलला एकदाच मूल्य देणारी) मधली भाषा वापरतो, म्हणजे कंपायलर शिकलेला कुणीही त्यात हात घालू शकेल. ईच आता रुबीत आहे, तर तिचा ब्लॉक थेट तिच्यात मुरवता आला पाहिजे. तिथे वायजेआयटीची मजल संपते.

कोडकिडा

ही बाजू पटण्याजोगी आहे. तरी रॅक्टरबद्दल कुणीच बोललं नाही याची नोंद घेतो.

४.० मध्ये त्याची रचना बदलली. जुन्या यील्ड आणि टेक या मेथड काढल्या, संदेशांसाठी पोर्ट आलं. चांगलंच झालं. पण मूळ अट तीच आहे: दोन रॅक्टरांमध्ये वाटून वापरायची वस्तू आतपर्यंत गोठवलेली (बदलता न येणारी) हवी. आपल्या जेम्स (रुबीच्या लायब्ऱ्या) बघा. क्लासच्या पातळीवर ठेवलेली कॉन्फिगरेशन, कॉन्स्टंटमध्ये ठेवलेले बदलते हॅश, पहिल्या वापरात भरून ठेवलेले कॅशे. मुख्य रॅक्टरच्या बाहेरून यांना हात लावला की एरर. म्हणजे काम भाषेत थोडं आणि आपल्या लायब्ऱ्यांत ढीगभर आहे. ते काम कंपायलरच्या तज्ज्ञांनी करायचं नाहीये, तुम्ही-आम्ही करायचंय. माझ्याकडे सांभाळायला एक छोटा जेम आहे. त्यातले कॉन्स्टंट गोठवायला या आठवड्यात सुरुवात करतोय, कुणाला आपलाही करायचा असेल तर इथेच अडचणी मांडा.

निवांत नोड

मी आहे. पहिली अडचण आत्ताच सांगतो: माझ्या जेममध्ये लॉगर (नोंदी लिहिणारा) क्लासच्या पातळीवर आहे. तो गोठवला तर लिहिणार कसा?