जवारी, गावरान, गावठी : एकच की वेगळे? आणि 'ऑन्टॉलॉजी'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : बेळगावहून, संशोधक विद्यार्थिनी

नमस्कार. ई-वाणिज्य आणि सिमँटिक वेब (म्हणजे जाळ्यावरची माहिती यंत्रालाही अर्थासकट कळावी अशी मांडणी) या विषयात माझं पीएच.डी.चं काम चालू आहे. ऑनलाइन विक्रीला ठेवलेल्या मालाचं वर्णन माणसाला वाचता येतं, पण यंत्राला ते अर्थासकट कसं कळावं, हा माझा प्रश्न. नमुना म्हणून आपल्याच भागातला माल घेतलाय : संकेश्वरी मिरची, बेळगाव बासमती, जोंधळा, अंडी. प्रबंध इंग्रजीत आहे, पण मराठी गोषवारा आणि मालाच्या मराठी-कन्नड नावांची सूची जोडायची आहे. तिथं अडलंय.

'सिमँटिक वेब'ला 'अर्थजाल' म्हणावं का? 'ऑन्टॉलॉजी'ला कोशात 'सत्ताशास्त्र' मिळतं, ते इथं चालेल का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 'जवारी' आणि 'गावरान' हे एकाच खणात टाकायचे की नाही?

खानापूरहून, निवृत्त मराठी प्राध्यापक

ताई, 'अर्थजाल' ऐकायला छान आहे, पण तुमच्या विषयात तोच शब्द गोंधळ करील. शेजारीच 'वाणिज्य' उभं आहे. अर्थखातं, अर्थसंकल्प, अर्थव्यवस्था या रांगेत वाचकाला 'अर्थजाल' म्हणजे पैशाचं जाळंच वाटणार. काव्यशास्त्रात शाब्दी व्यंजना आणि आर्थी व्यंजना असा भेद आहे, त्यामुळं 'आर्थी' हे विशेषण व्याकरणानं अगदी चोख. पण आज ते कोण ओळखेल? लोक 'आर्थिक'ची छपाईची चूक समजतील. तुम्ही 'सिमँटिक वेब' तसंच ठेवा आणि पहिल्या उल्लेखात एका वाक्यात उलगडून सांगा.

'सत्ताशास्त्र' मात्र नको. 'सत्ता' म्हटलं की बेळगावात कुणाच्या डोळ्यांपुढं काय येईल ते सांगायला नको, पण खरं कारण दुसरं आहे. सत्ताशास्त्र हे शास्त्र आहे, 'अस्तित्वात काय काय आहे' याचा तात्त्विक विचार. संगणकवाल्यांची ऑन्टॉलॉजी ही बनवायची वस्तू आहे. ती एक असते, दोन असतात, एकीतून दुसरी काढता येते. टॉम ग्रुबर यांनी 1993 मध्ये तिची जी व्याख्या केली, तिचा आशय असा की एखाद्या क्षेत्रातल्या संकल्पना आणि त्यांचे संबंध आपण कसे मानतो, ते उघडपणे मांडून ठेवणं. म्हणून 'संकल्पना-आराखडा' सुचवतो. आराखडा करता येतो, बदलता येतो, शेजाऱ्याच्या आराखड्याशी ताडून पाहता येतो.

बेळगाव, टिळकवाडीहून, संगणक अभियंता

सरांचं 'संकल्पना-आराखडा' पटलं. एक भर घालतो, कारण ई-वाणिज्यात आणखी एक शब्द जाम फसवतो : 'ऑफर'.

थोडं मागे जाऊ. सिमँटिक वेबची कल्पना मे 2001 मध्ये टिम बर्नर्स-ली, जेम्स हेन्डलर आणि ओरा लासिला यांच्या लेखानं सर्वदूर गेली. आराखडे लिहायची 'आउल' ही भाषा 2004 मध्ये प्रमाणित झाली. खास विक्रीव्यवहारासाठी मार्टिन हेप यांनी 2008 मध्ये 'गुडरिलेशन्स' नावाची शब्दावली आणली. 2011 मध्ये गूगल, बिंग आणि याहू यांनी मिळून 'स्कीमा डॉट ऑर्ग' सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी गुडरिलेशन्सचा गाभा त्यात सामावला गेला.

हेप यांनी केलेली महत्त्वाची गोष्ट म्हणजे वस्तू आणि तिचा 'ऑफर' वेगळे काढले. संकेश्वरी मिरची ही वस्तू. अमुक दुकानदार ती अमुक किमतीला, अमुक गावापर्यंत पोचवून, अमुक तारखेपर्यंत द्यायला तयार आहे, हा ऑफर. एकाच मिरचीचे पन्नास ऑफर असू शकतात. पण आपल्या बाजारात 'ऑफर' म्हणजे सूट! 'काय ऑफर चाललाय?' म्हणजे 'किती टक्के कमी?' गोषवाऱ्यात नुसतं 'ऑफर' लिहिलंत तर खडेबाजारातला दुकानदार नक्की चुकीचं समजेल. निविदांच्या कागदपत्रांत 'देकार' असा शब्द असतो, तो इथं नेमका बसतो.

निपाणीहून, बियाणे विक्रेते

जवारीचं आम्हाला विचारा. 'जवारी' आणि 'गावरान' एक नव्हे.

आमच्या दुकानात गिऱ्हाईक 'जवारी हाय काय?' म्हणून विचारतं, तेव्हा ते बियाबद्दल विचारतं. मिरची जवारी, काकडी जवारी, कोथिंबीर जवारी. तिच्या उलट शब्द 'हायब्रीड'. म्हणजे जवारी ही वाणाची गोष्ट. घरचं बी धरून पुढच्या साली पेरता येतं ते जवारी. गावरान म्हटलं की पाळण्याची गोष्ट येते : अंगणात चरणारी कोंबडी, तिची अंडी. तिच्या उलट 'फार्मची' नाहीतर 'ब्रॉयलर'. आता जवारी कोंबडी असंही म्हणतात, नाही असं नाही. तिथं दोन्ही शब्द एकमेकांत मिसळतात. पण गावरान कोथिंबीर कुणी मागितलेली मला तरी आठवत नाही.

आणि 'गावठी' त्यांच्यात घालू नका ताई. गावठी लसूण चालतो, पण गावठी म्हटलं की दारू आणि कट्टासुद्धा येतो.

चिकोडीहून

माझं माहेर अकोल्याकडचं. तिकडं 'जवारी' म्हणजे ज्वारी, धान्य! लग्न होऊन इकडं आले तेव्हा सासूबाई 'जवारी मिरची आण' म्हणाल्या, तर मला दोन वेगळ्या पिशव्यांची यादी वाटली. इकडं धान्याला जोंधळा म्हणतात. तुमची सूची विदर्भातल्या कुणी उघडली आणि 'जवारी' शोधलं तर त्याला काय दिसेल?

प्रश्नकर्तीचं उत्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, 'गावरान कोथिंबीर कुणी मागत नाही' हे वाक्य माझ्या कामाला फार मोलाचं आहे, कारण शब्द कशाला लागतो आणि कशाला लागत नाही यावरूनच वर्ग ठरतो.

चिकोडीच्या ताईंच्या प्रश्नापासून सुरू करते. सिमँटिक वेबमध्ये नाव आणि संकल्पना या दोन वेगळ्या गोष्टी असतात. प्रत्येक संकल्पनेला जाळ्यावरचा स्वतंत्र पत्ता मिळतो आणि नावं त्या पत्त्याला चिकटवलेल्या चिठ्ठ्यांसारखी असतात, कुठल्या भाषेतलं नाव ते सांगणाऱ्या खुणेसकट. त्यामुळं धान्याच्या पत्त्यावर जोंधळा, ज्वारी, जवारी आणि कन्नड 'जोळ' अशी चारही नावं येतील. वाणाच्या गुणाचा पत्ता निराळा, त्यावरही 'जवारी' हेच नाव. अकोल्याच्या माणसाला दोन्ही दिसतील आणि त्यातलं कुठलं हवं ते तो निवडेल.

अवघड आहे तो 'एकच आहे' म्हणण्याचा भाग. आउलमध्ये 'सेम अ‍ॅज' असा संबंध आहे. तो लावला की एका वस्तूबद्दलचं सगळं दुसरीलाही लागू होतं, कुठलीही सवलत नाही. बेळगाव आणि बेळगावी यांना तो निःशंक लावता येतो. 2014 मध्ये अधिकृत नाव बदललं, गाव तेच राहिलं. पण लोक हा संबंध सैल हातानं लावतात. हॅरी हॅल्पिन, पॅट हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये दाखवलं की जाळ्यावर अशा संबंधांनी एकमेकींना जोडलेल्या माहितीत तो बऱ्याचदा 'साधारण तेच' किंवा 'त्याच्याशी संबंधित' एवढ्याच अर्थानं वापरलेला असतो. जवारी आणि गावरान यांना तो लावला तर यंत्र अंगणात चरणारी कोथिंबीर विकायला काढील.

यासाठी 2009 च्या 'स्कॉस' या मानकात (संकल्पनांच्या सूची यंत्राला वाचता येतील अशा लिहायची ठरलेली पद्धत) दोन पायऱ्या आहेत : 'एक्झॅक्ट मॅच' आणि 'क्लोज मॅच'. पहिली साखळीनं पुढं जाते. अ म्हणजे ब, ब म्हणजे क, तर अ म्हणजे क. दुसरी मुद्दाम तशी ठेवलेली नाही, आणि कारण काकांनी सांगितलंच आहे : जवारी जवळजवळ गावरान, गावरान जवळजवळ गावठी, असं करत गेलो तर जवारी मिरचीपासून हातभट्टीपर्यंत पोचू.

म्हणून जवारी आणि गावरान स्वतंत्र संकल्पना राहतील आणि त्यांच्यात फक्त 'क्लोज मॅच', त्याला मराठीत 'निकटार्थी' लिहीन. कन्नड 'जवारी' मात्र आपल्या जवारीला 'एक्झॅक्ट', कारण दोन्ही भाषांचं गिऱ्हाईक एकाच दुकानात एकाच बियाला तो शब्द लावतं. बेंगळुरूकडं 'नाटी' म्हणतात, तो पुन्हा निकटार्थी. 'नाटी कोळी' तिकडं सर्रास चालतं, आणि कोंबडीच्या बाबतीत तो गावरानला अधिक जवळचा वाटतो.

एक उरलं. शाळूला जोंधळ्याचं दुसरं नाव म्हणून लिहावं काय?

निपाणीहून, बियाणे विक्रेते

नको. शाळू हा रब्बीचा जोंधळा. सगळा शाळू जोंधळा, पण सगळा जोंधळा शाळू नव्हे. जोंधळ्याच्या पोटात घाला.