‘उदात्त’ म्हटलं की पोटात गोळा येतो का?

हेमगंधा: चित्रांवरच्या एका पुस्तिकेचा अनुवाद करतेय. कास्पार डाव्हिड फ्रीडरिशचं ते चित्र आहे ना, साधारण १८१८ चं, हँबुर्गला असतं. गडद हिरव्या कोटातला माणूस कड्यावर पाठमोरा उभा, समोर नुसतं धुकं आणि त्यातून डोकी वर काढणारे सुळके. मजकुरात ‘सब्लाइम’ (भव्य आणि धडकी भरवणारं असं काही) जागोजागी. मी ‘उदात्त’ केलं. संपादकबाई म्हणाल्या, त्याग उदात्त असतो, कडा कसा असेल? त्यांचं खोटं नाही. एडमंड बर्क या विचारवंतानं १७५७ मध्येच या अनुभवाच्या मुळाशी भीती धरली होती. अट एवढीच, की धोका आपल्या अंगावर यायला नको. शब्द सुचवा, शुक्रवारी द्यायचंय.

शुद्धमती: उदात्तच ठेवा. समीक्षेत रुळलाय. पाणिनीचं ‘उच्चैरुदात्तः’ आठवा, वर उचललेला स्वर. तत्त्वज्ञ कांट ‘सब्लाइम’साठी वापरतो तो जर्मन ‘एरहाबेन’ही उंचावलेलाच. निबंधांत ‘उदात्त विचार’ घासघासून शब्द गुळगुळीत केला, त्यात शब्दाचा काय दोष?

घाटवाटा: कोकणकड्याच्या काठावर पालथं पडून खाली डोकवा, मग सांगा उदात्त वाटतं का. मी डोकावलो तेव्हा मित्रानं पाय धरले होते आणि मी रामरक्षा म्हणत होतो, तीही चुकत. आम्ही ‘रौद्र’ म्हणतो.

शुद्धमती: रौद्र रसाचा स्थायिभाव, म्हणजे मूळ भावना, क्रोध. कडा कुणावर चिडलाय?

घाटवाटा: तुमच्यावर.

तिरपागडा: अद्भुत आणि भयानक एकाच दमात हवेत. गीतेचा अकरावा अध्याय काढा. विश्वरूप पाहून अर्जुन ‘हृषितोऽस्मि’ म्हणतो आणि लगेच ‘भयेन च प्रव्यथितं मनो मे’. म्हणून ‘विराट’. (क्रिकेटवाल्यांनी गप्प बसावं.)

हेमगंधा: विराटमध्ये आकार येतो, धडकी येत नाही. शिवाय हे चित्र जेमतेम ९५ सेंटिमीटर उंच आहे!

नवसागर: शाळेत ‘संप्लवन’ शिकलो, त्याचा इंग्रजी शब्द ‘सब्लिमेशन’ याच कुळातला. कापूर तापवला की थेट वाफ. आणि भीतीनं कापरं भरतं. कापूर–कापरं, काही नातं असेल?

शुद्धमती: कापूर कर्पूरावरून, कापरं कंपावरून. काही नातं नाही.

नवसागर: वाईट वाटलं.

माजघर: चित्राचं नाव काय दिलंत पण?

हेमगंधा: ‘धुक्याच्या सागरावरील पांथस्थ’.

घाटवाटा: पांथस्थ धर्मशाळेत उतरतो हो! कड्यावर जातो तो भटक्या.

शुद्धमती: त्या गृहस्थांचा कोट बघा, हातातली काठी बघा. यांना भटक्या म्हणायचं?

घाटवाटा: आम्ही स्वतःला म्हणवून घेतो, अभिमानानं.

माजघर: आणि धुकं तरी कसं? पायाखाली दिसतात ते ढग. आमच्याकडे मोहोरावर पडते ती धुई. आजी पहाटे अंगणात येऊन बघायची आणि म्हणायची, ‘गेला यंदाचा आंबा.’ तिच्या चेहऱ्यावर तुमचं ते सब्लाइम होतं की नाही कोण जाणे, भीती मात्र नक्की होती.

तिरपागडा: मग ती बर्कच्या अटीत बसत नाही. धोका अंगावरच आला की.

हेमगंधा: मंडळी, शुक्रवार उद्या आहे.

घाटवाटा: धुई आणि धुकं एकच ना?

माजघर: अजिबात नाही.