वेदीशेजारचा ध्वज

अमेरिकेतील चर्चमध्ये वेदीजवळ ठेवलेला राष्ट्रध्वज तेथून हलविणे हा सैनिकांचा अवमान ठरेल, असा आक्षेप घेतला जातो; तो तेथील कॅथलिक अंत्यविधीच्या नियमांपुढे टिकत नाही, कारण तेथे सैनिकाच्या शवपेटीवरील राष्ट्रध्वजही चर्चच्या दारातच उतरवला जातो आणि पेटीवर बाप्तिस्म्याची आठवण देणारे पांढरे वस्त्र घालण्याची प्रथा आहे. पहिल्या महायुद्धात तेथील अनेक जर्मनभाषक लुथरन (प्रोटेस्टंटांचा एक पंथ) मंडळ्यांनी चर्चमध्ये ध्वज लावला तो निष्ठेविषयीच्या संशयाला उत्तर म्हणून. त्यामागे भक्तीपेक्षा भीती अधिक होती, असे मला वाटते. खुद्द अमेरिकी ध्वजसंहितासुद्धा, समुद्रावर नौदलाचे धर्मगुरू उपासना चालवीत असताना, उपासनेचे निशाण राष्ट्रध्वजाच्या वर फडकवू देते (हा भाग ध्वजाचे समर्थक क्वचितच सांगतात). मंडळीच्या सभागृहात किंवा आवारात ध्वज असण्यास माझी हरकत नाही, वेदीशेजारी मात्र आहे.