‘स्टॉर्मवॉटर’ला मराठीत काय म्हणायचं?

मूळ प्रश्न (पुणे)

आमच्या सोसायटीत यंदा पावसाळ्याआधी पार्किंगचा एक पट्टा उकरून तिथे उथळ खोलगट जागा आणि झाडं करायचं ठरलं आहे. गच्चीचं आणि पार्किंगचं पाणी आधी तिथे उतरेल, मुरेल, आणि उरलेलंच रस्त्याकडच्या चेंबरात जाईल. सभासदांसाठी मराठीत टिपण लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी स्थापत्य अभियंता आहे, आकडेमोड रोजची आहे, पण पहिल्याच ओळीतल्या ‘स्टॉर्मवॉटर’ला, म्हणजे पाऊस पडल्यावर छपरांवरून आणि रस्त्यांवरून वाहणाऱ्या पाण्याला, अडले.

भाषांतरयंत्राने ‘वादळी पाण्याचे शाश्वत व्यवस्थापन’ असं दिलं. इथे वादळ कुठून आलं? जलशास्त्रात ‘स्टॉर्म’ म्हणजे पाऊस सुरू झाल्यापासून उघडीप होईपर्यंतचा एक सलग तुकडा. आपल्याकडे त्याला एक शब्द नाही, कितीतरी आहेत, आणि त्यांतला फरक कामाचा आहे. वळवाची सर अर्ध्या तासात गटार तुडुंब भरते, पण खालची माती तहानलेली असते. झड लागली की ताशी पाऊस थोडा, पण चार दिवसांत जमीन पिऊन तृप्त होते आणि पाचव्या दिवशीची साधी सरसुद्धा वाहून जाते. ‘वादळी’ म्हटलं की हे सगळं पुसलं जातं.

पुण्यात आपण ‘पावसाळी गटार’, ‘पावसाळी वाहिनी’ म्हणतो. पण ही नावं नळाची आहेत. पाण्याला काय म्हणायचं? आणि ते अडवून जिरवायच्या सगळ्या खटाटोपाला काय?

प्रतिसाद (दादर)

ताई, मुंबई महापालिकेची परिभाषा देतो, उपयोगी पडेल. पावसाचं पाणी नेते ती ‘पर्जन्य जलवाहिनी’. ती समुद्राला किंवा खाडीला मिळते ते ‘पातमुख’. भरतीच्या वेळी पाणी उपसून बाहेर टाकतात ते ‘उदंचन केंद्र’, म्हणजे हाजीअली, इर्ला, लव्ह ग्रोव्ह वगैरे. उदंचन म्हणजे वर काढणं, उपसा. शब्द जड आहे, पण चूक नाही. सांडपाण्याचं ते ‘मलनिःसारण’, ते वेगळं ठेवा. लोक दोन्हींना ‘गटार’ म्हणतात आणि मग पावसाळी वाहिनीत खुशाल मोरीचं पाणी जोडतात.

पण एक बघा. या यादीत नेणं, टाकणं, उपसणं आहे, थांबवणं नाही. पावसात तुंबणाऱ्या दादरच्या हिंदमाता भागासाठी अलीकडे भूमिगत टाक्या बांधल्या तेव्हा कुठे ‘साठवण’ हा शब्द या कामात ऐकू आला.

आणि आकडा याहून बोलका आहे. मुंबईची जुनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी बेतलेली होती, आणि त्यात पाणी वाहून येण्याचा गुणांक ०.५ धरला होता. म्हणजे निम्मं पाणी वाटेतच मातीत, वाडीत, तळ्यात जिरेल असा हिशेब. या वाहिन्या सुधारण्याच्या ‘ब्रिमस्टोवॅड’ आराखड्यात पाऊस तासाला ५० मिलिमीटर धरला आणि गुणांक १. पडेल तेवढा थेंब न् थेंब वाहणार! अभियंत्यांनी चूक केली असं मी म्हणत नाही, शहर तसं झालंच होतं. पण ०.५चा १ होतो तेव्हा ‘जिरणे’ हे क्रियापद त्या शहराच्या हिशेबातून गेलेलं असतं. मला तो आकडा वाचताना दर वेळी वाईट वाटतं.

प्रतिसाद (सासवड, निवृत्त शिक्षक)

क्रियापदावर आलात ते बरं झालं. आमच्या पुरंदर तालुक्यात पाण्याची भाषा शेतकऱ्याने घडवली आहे, तिथून घ्या.

‘जिरणे’ म्हणजे पृष्ठभागावरून आत जाऊन दिसेनासं होणं. अन्न जिरतं, पाणी जिरतं. ‘मुरणे’ म्हणजे आत गेल्यावर तिथे राहणं आणि वेळ घेणं. लोणचं मुरतं. म्हणून पाणी जिरलं असं आपण पाऊस थांबल्या-थांबल्या म्हणतो, मुरलं असं विहिरीला पाणी वाढलं की म्हणतो. ‘झिरपणे’ म्हणजे थरातून थरात सावकाश उतरणं. आणि ‘पाझरणे’ची दिशा उलटी, आतून बाहेर. डोंगर पाझरतो, कातळाला पाझर फुटतो.

आता ‘पाझर तलाव’ हा शब्द बघा. १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्या बायामाणसांच्या तोंडी तो बसला. तलावात पाणी जिरतं, मग नाव पाझर का? कारण नाव खालच्या अंगाला विहीर असलेल्या माणसाच्या बाजूने आहे. त्याच्या दृष्टीने ते पाणी बाहेर येतंय. तलावाच्या काठावर उभं राहून नाव दिलं असतं तर ‘जिरण तळं’ झालं असतं.

तेव्हा ताई, तुमच्या पार्किंगमध्ये होणार ते ‘जिरवणं’. पुढे बोअरला पाणी आलं तर ‘मुरलं’ म्हणा, आधी नको. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा शेताच्या बांधावर शोभते आणि सोसायटीच्या फाटकावर नाही, असं कोणी ठरवलं?

प्रतिसाद (नाशिक)

‘रन-ऑफ’ला, म्हणजे न जिरता जमिनीवरून वाहून जाणाऱ्या पाण्याला, ‘अपधाव’ आहे की. पाटबंधाऱ्याच्या पुस्तकात ‘अपधाव गुणांक’ असाच शब्द आहे. अभ्यासासाठी तोच वापरा, एका शब्दात काम होतं. धरणावरचे लोक त्याच पाण्याला ‘येवा’ म्हणतात. माळावरून गेलं ते अपधाव, धरणात आलं तो येवा. पाणी एकच.

चीनमध्ये २०१५पासून ‘स्पंज शहरं’, म्हणजे पावसाचं पाणी स्पंजसारखं धरून ठेवणारी शहरं, करायला घेतली, त्याचं कोणी ‘शोषक शहर’ असं भाषांतर केलेलं पाहिलं. कृपा करून तसं करू नका. मराठीत शोषक म्हटलं की लोकांना पिळवणूक करणारा आठवतो. ‘पाणी पिणारं शहर’ म्हणा.

प्रतिसाद (पेण)

दादरच्या दादांनी पातमुखाचा विषय काढला म्हणून लिहितो. भरतीचं पाणी आत येऊ नये आणि ओहोटीला आतलं बाहेर जावं, यासाठी आमच्याकडे खारबांधाला, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाला, झडपा असतात. त्यांना ‘उघाडी’ म्हणतात. माझ्या आजोबांबरोबर मी लहानपणी उघाडी बघायला जायचो. फळीला वरून बिजागरी. खाडी चढली की पाण्याच्याच रेट्याने फळी चौकटीवर घट्ट बसते, कडेने फक्त बारीक फवारा येतो. ओहोटी लागली की थोडा वेळ काहीच होत नाही, मग फळी एकदम पुढे ढकलली जाते आणि शेतातलं गढूळ पाणी धो धो बाहेर. माणूस लागत नाही, वीज लागत नाही. शहरातल्या पातमुखावर लोखंडी झडप बसवतात ती हीच. तिला ‘फ्लॅप गेट’ म्हणण्यापेक्षा ‘उघाडी’ का म्हणू नये?

प्रतिसाद (फोंडा)

गोव्यात खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीत, याच दाराला ‘मानस’ म्हणतात, आणि आत पाणी साठायला जागा राखलेली असते ती ‘पोंय’. भरतीच्या तासांत दार बंद असताना पावसाचं पाणी कुठेतरी थांबायला हवं ना! हिंदमाताच्या टाक्या म्हणजे ती पोंयच झाली. फक्त आम्ही त्यात मासे धरतो.

प्रतिसाद (पुणे, मूळ प्रश्न विचारणारी)

सगळ्यांचे मनापासून आभार. सर, तुमचा जिरणे-मुरणेचा भेद मी तसाच टिपणात घेतला आहे. ‘अपधाव’ माझ्या तक्त्यात राहील, सभासदांच्या टिपणात ‘वाहून जाणारं पाणी’.

काल मी एक साधी चाचणी केली. पत्र्याचा डबा दोन्ही बाजूंनी कापून जमिनीत चार बोटं ठोकला आणि तांब्याभर पाणी ओतलं. आंब्याच्या आळ्यात ते बघता बघता गेलं. गाड्यांनी दाबलेल्या मातीत तासाभराने निम्मं तसंच होतं. पेव्हर ब्लॉकवर डबा ठोकता येईना, म्हणून कणकेची कड करून पाणी ओतलं, तर ते हललंच नाही. वाकून पाहिलं तर सांध्यांमध्ये वाळूऐवजी सिमेंटचा घोळ भरलेला. ‘पाणी जिरणारे ब्लॉक’ म्हणून पैसे दिले होते आम्ही! ठेकेदाराची चूक खरीच, पण कामाच्या आदेशात ‘ब्लॉक बसवणे’ एवढंच लिहिलं होतं. ‘सांधे वाळूचे ठेवणे’ हे तीन शब्द नव्हते.

हिशेबही सांगते. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. आमचं पार्किंग ४०० चौरस मीटर. ५० मिलिमीटरची एक सर म्हणजे २०,००० लिटर, दहा हजारांचे दोन टँकर. आम्ही एप्रिलमध्ये टँकर विकत घेतो.

आणि त्या झाडांच्या खोलगट जागेला इंग्रजीत ‘रेन गार्डन’ म्हणतात, त्याचा मराठी शब्द मला डबा ठोकतानाच सापडला. आळं! झाडाभोवती पाणी धरून ठेवायला करतो तेच, फक्त मोठं, आणि पाणी आपण घालायचं नाही, गच्चीवरून येईल. ‘पावसाचं आळं’ म्हटल्यावर आमच्या माळीकाकांना एक अक्षर समजावावं लागलं नाही. उलट त्यांनीच विचारलं, ‘जादाचं पाणी निघायला फोड कुठल्या अंगाला ठेवू?’ नकाशात ज्याला मी ‘ओव्हरफ्लो’ लिहिलं होतं, तो शब्द त्यांनी दिला.

पाटीवर असं लिहिते आहे: ‘पावसाचं आळं. इथे गच्चीचं पाणी जिरतं. कोबा करू नये, गाडी लावू नये.’ चालेल?

प्रतिसाद (सासवड)

उत्तम. ‘फोड बुजवू नये’ हेही घाला. तुमच्याकडची माती काळी असेल तर मुरूम लागेपर्यंत खणा, नाहीतर ती फुगून बसेल आणि पाणी तुंबेल. इमारतीच्या पायापासून आळं लांब असू द्या. आणि गाळ दर वर्षी मेअखेरीस काढायचा, ते कोणाकडे, त्याचं नाव टिपणात लिहा.