काळ्या रानातल्या कोठ्याला काँक्रीट की मुरूम?

काळीमाती: नागपूरकडच्या काळ्या रानात गुरांच्या कोठ्याला काँक्रीट म्हणजे पैसा मातीत. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, वरचा चार इंची थर उचलून फाटतो. शिवाय कडक जमिनीवर जनावराचे गुडघे सोलतात. मुरूम दाबून बसवा, दरसाल वरचा थर खरवडून नवा टाका.

थापी_ओळंबा: फाटतो तो काळी माती तशीच ठेवून वर ओतल्यामुळे. दीड-दोन फूट माती काढा. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात, पाणी मारून धुमसानं ठोकून दाबा. त्यावर दगडाचं सोलिंग, म्हणजे दगड रचून ठोकलेला थर, मग चार इंच काँक्रीट, एक भाग सिमेंटला दीड रेती नि तीन गिट्टी. १२ बाय २० फुटांच्या कोठ्याला साधारण १८ बॅग सिमेंट, ३५ घनफूट रेती, ७० घनफूट २० मिमी गिट्टी. बॅगेला पाणी २५ लिटरच्या वर नको, रेती ओली असेल तर आणखी कमी. सपाटीचा पाटा हलका ओढला जावा म्हणून मिस्त्री एक बादली वाढवतो, तिथंच घोळ होतो. पाण्यासोबत सिमेंटची साय वर येते, नि पुढं शेण ओढताना फावड्याबरोबर तीच भुकटी होऊन निघते.

काळीमाती: चार जनावरांसाठी दोन फूट खोदाई? मुरमाच्या ट्रॉल्यांतच खिसा रिकामा, भाऊ. आणि घोटलेल्या काँक्रीटवर म्हैस पाय फाकून पडली तर?

थापी_ओळंबा: घोटायला सांगितलं कोणी? वरचं पाणी ओसरलं की खराट्यानं आडव्या रेघा मारा. नालीकडे उतार पाच फुटांत दीड इंच. खळगा राहिला की मूत साचतं, म्हैस त्यातच बसते, कासदाहाला, म्हणजे कास सुजण्याला, आमंत्रण. मुरमात तर सगळाच खळगा!

उमरेड_रोड: दोघंही मे महिना विसरले. ४५ अंशांत भर दुपारी ओतलं तर गरम वारा वरचं पाणी खेचतो, थर पुरता पकडायच्या आतच केसासारख्या भेगा. पहाटे काम काढा, वर ओलं गोणपाट. दुसऱ्या दिवशी मातीचे छोटे बांध घालून पाणी भरा. पीपीसी, म्हणजे फ्लाय अ‍ॅश (कोळशाची बारीक राख) मिसळलेलं सिमेंट, सावकाश ताकद धरतं, त्यामुळं सात दिवसांवर भागवू नका, चौदा दिवस पाणी हवं. दर दहा फुटांवर इंचभर खोल काप द्या, म्हणजे भेग पडलीच तर त्या रेषेत पडेल. बाकी माझं म्हणाल तर बांधायच्या जागेपुरतं काँक्रीट नि त्यावर रबरी मॅट. मोकळ्या फिरायच्या अंगणात मुरूम.

काळीमाती: म्हणजे अर्ध्यात माझाच मुरूम आला की!

थापी_ओळंबा: आला, पण नालीच्या पलीकडे.