नऊ मुखपृष्ठं आणि एकच पाठमोरा माणूस

शाईचाडाग:

बारा वर्षं पुस्तकांची मुखपृष्ठं करते आहे. गेल्या आठवड्यात अलीकडची चौदा मुखपृष्ठं जमिनीवर मांडली आणि उभं राहून बघितलं. पोटात गोळा आला. चौदापैकी नऊ चित्रांत डाव्या खालच्या कोपऱ्यात एक पाठमोरा माणूस आहे. क्षितिज खाली, वर मोकळी जागा, तिथे शीर्षक. कादंबरी असो की आत्मचरित्र, हा माणूस आहेच. त्याचा डावा खांदा किंचित उतरलेला, तोही नऊच्या नऊ ठिकाणी सारखाच.

पहिल्यांदा तो काढला तेव्हा तीन आठवडे झगडले होते. चेहरा दाखवला की वाचकाच्या मनातला चेहरा पुसला जातो, म्हणून पाठ दाखवली. त्या पुस्तकासाठी ते उत्तर होतं. आता पुस्तक काय विचारतंय हे कळायच्या आधीच हात तेच उत्तर देतो. शेवटची दोन हस्तलिखितं मी पुरती वाचलीसुद्धा नाहीत, आणि दोन्ही मुखपृष्ठं पहिल्या फटक्यात मंजूर झाली. प्रकाशक कौतुकानं म्हणतात, "तुमचं काम लांबूनच ओळखू येतं." पूर्वी हे ऐकून आनंद व्हायचा.

ही शैली म्हणायची की साचलेपण? साचलेपण असेल तर दर वर्षी एक नवं माध्यम शिकायचं, असा नेम करावा का?

कोराकागद:

घाई करू नका. ओळख बनायला बारा वर्षं लागली, घालवायला एक पुरे. लोक तुमच्याकडे त्या पाठमोऱ्या माणसासाठीच येत असतील तर त्यात गैर काय? मात्र हस्तलिखित न वाचता काम देणं मलाही खटकलं.

उलटाठसा:

मी लिनोवर, म्हणजे लिनोलियमच्या मऊ पत्र्यावर, चित्र कोरून त्याचे शाईचे छापे काढतो. तुमच्या त्या उतरलेल्या खांद्याबद्दल वाचून माझ्या चित्रांमधली पार्श्वभूमी आठवली. अरुंद टोकाच्या हत्यारानं बारीक तिरक्या रेघा मारून मी मोकळी जागा भरायचो. एकदा फोनवर बोलता बोलता अर्धा पत्रा कोरून झाला आणि छापा उत्तम आला. भीती वाटली ती तो उत्तम आल्याची. माझ्याशिवायच झाला होता तो.

फिट्स आणि पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये कौशल्य शिकण्याचे तीन टप्पे मांडले. आधी प्रत्येक हालचाल विचारपूर्वक होते, मग चुका कमी होत जातात, शेवटी काम आपोआप होतं. तिसरा टप्पा हवाच, नाहीतर जन्मभर हत्यार कसं धरायचं याचाच विचार करत बसू. पण तिथे लक्ष मोकळं होतं, आणि ते दुसरीकडे लावलं नाही तर वाढ थांबते.

म्हणून दर वर्षी नवं माध्यम हा नेम मला पटत नाही. नवशिक्याची प्रगती झपाट्यानं होते, तिची चटक लागते. पहिल्या वर्षाची गोडी घ्यायची आणि अवघड भाग आला की पुढचं माध्यम धरायचं, हेही साचणंच आहे. फक्त ते दिसत नाही.

फ्रेंच चित्रकार मातीसचं बघा. १९४१ मध्ये पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली, नंतर बराच काळ पलंग आणि चाकांची खुर्ची. मग सहायकांनी रंगवून दिलेले कागद तो कात्रीनं कापू लागला. लोक सांगतात की सत्तरीत त्यानं सगळंच नवं केलं. पण कागद कापणं त्याला नवं नव्हतं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला एका मोठ्या भित्तिचित्राची रचना ठरवताना तो रंगीत कागदाचे तुकडे हलवून बघायचा. तेव्हा ते पूर्वतयारीचं साधन होतं, पुढे तेच चित्र झालं. रंग आणि रेषा यांवरचं प्रेम जुनंच राहिलं, कुंचला तेवढा बाजूला झाला.

मी ते अरुंद हत्यार सहा महिने कुलपात ठेवलं. नुसतं रुंद हत्यार वापरायचं. पहिले आठ-दहा छापे ओबडधोबड आले, एक ठरलेलं काम हातचं गेलं. रुंद हत्यारानं जागा भरता येत नाही, त्यामुळे काय न कोरता काळं ठेवायचं हे दर वेळी ठरवावं लागलं. सातव्या महिन्यात अरुंद हत्यार परत काढलं. आता वापरतो, पण कुठे वापरायचं ते मी ठरवतो.

गोल्फपटू टायगर वूड्सनं १९९७ मध्ये ऑगस्टाची मास्टर्स ही मोठी स्पर्धा १२ फटक्यांच्या फरकानं जिंकली आणि त्यानंतर फटका मारायची पद्धत नव्यानं बांधायला घेतली. १९९८ मध्ये पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फ मालिकेत जेमतेम एक विजेतेपद. मग २००० ची यूएस ओपन १५ फटक्यांनी. मला त्यातलं मधलं वर्ष महत्त्वाचं वाटतं. ते सोसायची तयारी आहे का, एवढंच स्वतःला विचारा.

शाईचाडाग:

उलटाठसा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. कोराकागद, हस्तलिखिताबद्दल तुमचं बरोबर आहे.

हातात असलेलं पुस्तक पहिल्या पानापासून पेन्सिल घेऊन वाचलं. सहा महिने मुखपृष्ठावर माणूस काढायचा नाही, असं ठरवलंय. पहिले तीन आराखडे फसले. एकात तर नकळत झाडाला खांदा फुटला, तोही उतरलेला. चौथा एकसष्टाव्या पानावरून सुचला: दाराच्या बाहेरच्या बाजूला, खिळ्याला टांगलेली किल्ली. बाकी काही नाही. शीर्षक प्रथमच खाली आलंय आणि तिथे ते अजून नीट बसत नाही.

उद्या प्रकाशकांना पाठवते आहे. एक विचारायचं राहिलं: ते ओबडधोबड छापे तुम्ही लोकांना दाखवलेत, की सहा महिने झाकून ठेवलेत?